प्रगतीपत्रकातलं एक वाक्य लिहायला किती वेळ लागतो?

मार्चचा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेदहा. इंदूरला मावशीकडे गेले होते. ती शाळेत दुसरीला शिकवते. जेवणाच्या टेबलावर ३८ प्रगतीपत्रकांचा गठ्ठा. "'मित्रांमध्ये छान मिसळतो' हे एकोणीस जणांना लिहून झालं. आता दुसरं काय लिहू गं?" तिने मलाच विचारलं.

तुमच्या मुलाच्या प्रगतीपत्रकात आता गुणांबरोबर बरंच काही येतं ना? २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समग्र प्रगतीपत्रक सुचवलं आणि एनसीईआरटीच्या 'परख' या केंद्राने त्याचे नमुने तयार केले. त्यात शिक्षकांसोबत मूल स्वतःबद्दल सांगतं, वर्गमित्र सांगतात आणि पालकांसाठीही एक पान असतं. कल्पना सुंदर आहे. मूल म्हणजे काही १००पैकी ६२ नव्हे!

पण हिशेब करून बघा. एका पत्रकाला अर्धा तास धरला, तर चाळीस मुलांचे वीस तास. वर्षभराची निरीक्षणं, फोटो, वर्कशीट्स वेगळी. मावशीच्या शाळेत तर हेच सगळं आधी कागदावर आणि मग अ‍ॅपवर भरावं लागतं. शिकवण्याचे तास मात्र तेवढेच.

हे पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. सीबीएसईने २००९मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं आणि २०१७मध्ये गुंडाळलं. महाराष्ट्रात २०१०पासून आकारिक, संकलित आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. मग बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिकाही आल्या! मुलाकडे बघून लिहायचं वाक्य पुस्तिकेतून उतरू लागलं. यात शिक्षक आळशी होते असं मला वाटत नाही. नोंदी वाढल्या, पण त्यांच्यासाठी वेळ कुणी दिलाच नाही. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. तुमच्या मुलाच्या वर्गात किती मुलं आहेत, एकदा मोजा.

आणि पालकांचं पान? मावशीकडे अकरा पानं कोरी परत आली होती. काहींनी सगळीकडे नुसतं 'गुड' लिहिलेलं. एका आईने मात्र लिहिलं होतं, 'लिफ्टमध्ये शेजारच्या आजींची पिशवी न सांगता उचलतो, पण वर्गात बोलायला घाबरतो.' त्या मुलाची नोंद मावशीने दोन मिनिटांत लिहिली.

म्हणून पुढच्या वेळी ते पान हातात आलं की विशेषणं नकोत, घरात घडलेला एखादा प्रसंग लिहा. तोही वेळेत. पालकसभेत "नंबर कितवा?" याऐवजी "वर्गात तो कशात रमतो?" असं विचारून बघा. आणि हो, शेरा बदलून द्या म्हणून रात्री बाईंना व्हॉट्सअ‍ॅप करू नका.

त्या रात्री मावशीने एकोणीसपैकी सात पत्रकं पुन्हा लिहिली. बाकीची तशीच गेली. सकाळी साडेसहाला तिची बस होती.