पुलाचा पाया व कचेरींतील शेरा

शेतकऱ्याचें धान्य शेतांत पिकतें, पण त्याचा पैसा रस्त्यावर होतो. ऊस कारखान्यावर, कांदा बाजारांत आणि दूध डेअरींत वेळेवर पोंचलें तरच वर्षभराच्या कष्टाचें चीज. या रस्त्यांतील सर्वांत नाजूक जागा म्हणजे ओढ्यानाल्यांवरील मोऱ्या व नद्यांवरील पूल. रस्त्यास खड्डा पडला तर गाडी हळू जाते. पूल पडला तर ती जातच नाहीं, आणि पडतेवेळीं वर कोणी असेल तर तो घरीं परत येत नाहीं. म्हणून पूल कां पडतात व आपण त्यांबाबत काय करूं शकतों, याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

सावित्रीचा पूल

ता. २ ऑगस्ट २०१६ रोजीं रात्रीं महाडजवळ मुंबई–गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा जुना दगडी पूल महापुरांत वाहून गेला. हा पूल १९२८ सालीं बांधलेला होता. मुंबईकडे निघालेल्या एस. टी. च्या दोन गाड्या व एक खाजगी मोटार अंधारांत नदींत कोसळली. एकंदर चाळीसच्या आसपास माणसें प्राणांस मुकलीं. कित्येकांचीं प्रेतें नदीनें पार समुद्राकडे नेलीं, तर कांहींचा ठावठिकाणा लागलाच नाहीं. जवळच्या एका दुकानांतील कारागिरानें पूल गेल्याचें ओळखून पुढील गाड्या थांबविल्या नसत्या, तर प्राणहानि याहूनही वाढली असती.

यांतील एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्याच वर्षीं मे महिन्यांत या पुलाची पाहणी झाली होती व तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असें सरकारकडूनच सांगण्यांत आलें. पुढें त्या जागीं नवीन पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला व ता. ५ जून २०१७ रोजीं खुला झाला. मनांत आणलें तर काम किती त्वरेनें होतें हें यावरून दिसलें. पण तें मनांत येण्यास इतक्या माणसांचे प्राण जावे लागले.

पाणी पाया कसा खातें

मे महिन्यांत धडधाकट दिसणारा पूल ऑगस्टांत जातो कसा? वाहत्या ओढ्यांत पाय रोवून उभें राहावें, म्हणजे टांचेखालची वाळू हळूहळू सरकूं लागते, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. पुलाच्या खांबाचें तसेंच होतें. प्रवाह खांबावर आदळतो, त्यांतील कांहीं पाणी खालीं वळतें, भोवरा धरतें व खांबाच्या बुडाशीं तळ खरवडून खड्डा पाडतें. पूर जितका मोठा, तितका खड्डा खोल. खड्डा पायाच्या खालीं गेला कीं खांब खचतो. दगडी कमानींच्या पुलांत तर शेजारच्या कमानी एकमेकींस रेटून उभ्या असतात. मधला एक खांब गेला म्हणजे बाजूच्या कमानीही पडण्याचा संभव असतो.

याहून घातक गोष्ट ही कीं, पूर ओसरतांना वाहत आलेली वाळू व गाळ त्याच खड्ड्यांत भरतो. उन्हाळ्यांत पाहणारास तळ सपाट व पाया शाबूत दिसतो. भरलेली वाळू भुसभुशीत असते; पुढच्या पुरांत ती प्रथम निघून जाते. म्हणजे वरवर पाहून दिलेला शेरा खोटा नसतो, पण खराही नसतो.

अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत स्कोहारी नांवाच्या नदीवरील महामार्गाचा पूल ता. ५ एप्रिल १९८७ रोजीं अशाच रीतीनें पडला व दहा माणसें मेलीं. त्या पुलाची पाहणी वेळोवेळीं होत असे, परंतु पाण्याखालील पाया कोणींच तपासला नव्हता. आणि पायाभोंवतीं टाकलेले संरक्षक दगड वाहून गेले असतां ते पुनः नीट भरलेले नव्हते. त्याच देशांत ओहायो नदीवरील एक लोखंडी पूल, जो सावित्रीच्या पुलाप्रमाणेंच १९२८ सालचा होता, ता. १५ डिसेंबर १९६७ रोजीं एका सांखळीच्या दुव्यास गेलेल्या बारीक चिरेमुळें कोसळला व ४६ माणसें दगावलीं. त्यानंतर तेथें पुलांची ठराविक मुदतींत पाहणी करण्याचा नियम झाला. स्कोहारीच्या अपघातानंतर पाण्याखालील पाहणीचाही झाला. आपल्याकडे केंद्र सरकारनें २०१६ सालीं पुलांची मोठी नोंद करण्यास आरंभ केला, ही गोष्ट चांगली आहे. परंतु नोंदवहींत काय लिहिलें जातें, यावर सर्व अवलंबून आहे.

स्वतःचा एक अनुभव

हें मी कोणास नांवें ठेवण्यासाठीं लिहीत नाहीं, कारण प्रस्तुत लेखक स्वतः त्या दोषांत सामील आहे. मीं तालुक्याच्या कचेरींत तीसाहून अधिक वर्षें कारकुनी केली. दरसाल पावसाळ्यापूर्वीं गांवोगांवच्या मोऱ्यांचा व बंधाऱ्यांचा तक्ता तयार होई. त्यांत “स्थिति” असा एक रकाना असे, व बहुतेक ओळींत आम्ही “मागीलप्रमाणें” असें लिहीत असूं. एका सालीं एका तलाठ्याचा कागद उशिरा आला. दोन गांवांमधील मोरीच्या पायाचे दगड निखळले आहेत, असें त्यानें लिहिलें होतें. तक्ता आदल्या दिवशींच तयार झालेला. तो पुनः लिहिण्याचा मीं कंटाळा केला. भाद्रपदांत ती मोरी गेली. एका शेतकऱ्याची बैलजोडी बुडाली, गाडीवान झाडास धरून वांचला, आणि दोन्ही गांवांचा ऊस त्या सालीं वेळेवर निघाला नाहीं. मला कोणी जाब विचारला नाहीं. कागदोपत्रीं मोरी चांगलीच होती. पण तो गाडीवान बाजारांत भेटला म्हणजे मी आजही मान वर करीत नाहीं.

शेतकऱ्यांनीं काय करावें

१. वैशाखांत ओढा कोरडा असतां गांवच्या मोरीखालीं स्वतः उतरावें. खांबावर रंगाची एक खूण करून तेथून तळापर्यंतचें अंतर मोजून लिहून ठेवावें व पावसाळा संपल्यावर पुनः मोजावें. तळ खालीं गेला असेल तर तें धोक्याचें लक्षण समजावें. भरलेल्या वाळूनें फसूं नये. पहारीनें टोंचून पाहावें.

२. दगडांच्या सांध्यांत पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तें रोप लहान असतांनाच काढण्याविषयीं कळवावें. त्याचीं मुळें चुना फोडून दगड उकलतात. नवी चीर, कलता कठडा, वरच्या रस्त्यास पडलेला खळगा, हींही चिन्हें नोंदवावीं.

३. पाचट, पऱ्हाट्या व झाडांचे ओंडके ओढ्यांत टाकूं नयेत. मोरीचें तोंड बुजलें म्हणजे उरलेल्या वाटेनें पाणी अधिक जोरानें जातें व पाया अधिक खरवडतें.

४. पुलाजवळची वाळू कोणासही उपसूं देऊं नये. चार पैशांच्या वाळूसाठीं पाया उघडा पडतो. या बाबतींत आपलेच भाऊबंद दोषी असतात, हें कटु असलें तरी खरें आहे.

५. पुलावरून पाणी वाहत असतां, किंवा पूल धोक्याचा ठरला असतां, त्यावर जाऊं नये. ता. १५ जून २०२५ रोजीं पुणें जिल्ह्यांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीनें कोसळून चार माणसें मेलीं. तो पूल धोक्याचा ठरलेला होता. पाटीनें माणूस अडत नाहीं; वाट बंदच करावी लागते.

६. जें दिसलें तें लेखी कळवावें. प्रथम पूल ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा कीं सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हें विचारून घ्यावें; नाहीं तर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो. ग्रामसभेचा ठराव जोडावा, अर्जाच्या दोन प्रती करून एकीवर पोंच घ्यावी. शेवटची पाहणी केव्हां झाली व शेरा काय होता, हें २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यान्वयें मागतां येतें. उत्तर साधारणतः तीस दिवसांत मिळालें पाहिजे.

पोंच घेतलेल्या कागदाचें वजन कचेरींत किती असतें, हें मी अनुभवानें सांगतों. तोंडी तक्रार विसरली जाते; तारखेचा अर्ज फायलींत राहतो, आणि “मागीलप्रमाणें” असें लिहितांना कारकुनाचा हात थबकतो. माझा हात त्या सालीं थबकला नाहीं, कारण त्या गांवचा एकही अर्ज माझ्यापुढें नव्हता. वाचकांनीं येत्या वैशाखांत आपल्या गांवच्या मोरीखालीं एकदां उतरून पाहावें, इतकीच विनंति.