पहिला हात

नागपुरात मेहाडिया चौकातून धंतोलीत शिरलं की दोन्ही बाजूंना दवाखान्यांच्या पाट्या सुरू होतात. हाडांचा, हृदयाचा, डोळ्यांचा, बायकांचा. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळहून माणसं इथे येतात. छिंदवाडा-बालाघाटहून येतात, छत्तीसगडातून आणि आदिलाबादकडूनही येतात. गर्दी इतकी की गाड्या कुठे लावायच्या, या प्रश्नावर इथल्या रहिवाशांना हायकोर्टात जावं लागलं. एखाद्या प्रसूतिगृहाच्या पायरीवर आजी मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलेली असते. शेजारची अनोळखी बाई विचारते, "पोट्टं झालं का पोट्टी?" आजी म्हणते, "पोट्टी. सुटली माय एकदाची." पुढच्या पाच मिनिटांत दोघींची गावं, नाती, सुनांची दुखणी सगळं बोलून होतं.

बाळंतपणासाठी घराचा उंबरा ओलांडायची ही सवय नागपूरला आपोआप लागलेली नाही. ती लावणाऱ्यांत एक संस्था धंतोलीला लागूनच, सीताबर्डीवर उभी आहे. मातृ सेवा संघ. १९२१ साली कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोन परिचारिकांनी चार खाटांवर ती सुरू केली.

काळ कोणता होता, ते आधी पाहायला हवं. १९१८च्या इन्फ्लुएंझाने मध्य प्रांत आणि वऱ्हाडात ज्या प्रमाणात माणसं नेली, तितकं मोठं प्रमाण देशात फार थोड्या प्रांतांत होतं. त्या दुःखातून गावं अजून सावरत होती. डिसेंबर १९२०मध्ये नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं आणि शहर ढवळून निघालं. त्या गडबडीत चार खाटांच्या दवाखान्याकडे कुणाचं लक्ष जावं? मला मात्र नागपूरच्या त्या दिवसांतली ही घटना अधिवेशनाइतकीच मोठी वाटते.

कमलाबाई १८९६ साली खानदेशात शिरपूरला जन्मल्या. माहेरच्या मोहोनी. बाराव्या वर्षी लग्न झालं आणि पंधराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीचं पुढचं सगळं आयुष्य ठरून गेलेलं असे: स्वयंपाकघराचा कोपरा, दुसऱ्याची मुलं सांभाळणं आणि कुठल्याही मंगलकार्यात दाराआड उभं राहणं. कमलाबाईंनी नागपूरला येऊन डफरिन हॉस्पिटलात परिचारिकेचं आणि सुईणपणाचं शिक्षण घेतलं. पुण्यात कर्व्यांचा आश्रम आणि रमाबाई रानड्यांचं सेवासदन विधवांसाठी वाट काढत होते. विदर्भात ती वाट कमलाबाईंनी स्वतः चालून तयार केली.

बाळंतिणीची खोली तेव्हा घरातली सर्वांत अंधारी खोली असायची. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, बाजेखाली शेगडी, कोपऱ्यात धूर. सुईण अनुभवी असे, मायेची असे, पण तिच्या हाताशी असलेला विळा त्याच दिवशी गवत कापून आलेला असायचा. नाळेवर राख लावायची. मग सहाव्या रात्री सटवाईची पूजा व्हायची, ती बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते म्हणून. आणि नेमक्या त्याच सुमाराला कित्येक बाळांचा जबडा आवळत जायचा, दूध ओढता यायचं नाही. तो नवजात बाळाचा धनुर्वात होता. घर मात्र सटवाईला बोल लावायचं. आईलाही ताप भरायचा, आणि तो कित्येकींना घेऊनच जायचा. हा ताप हातांवाटे पसरतो हे व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ सालीच ओळखलं होतं. त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि त्याच्या वॉर्डातले मृत्यू झपाट्याने घटले. एवढी साधी गोष्ट खेड्यातल्या बाजेपर्यंत पोचायला पाऊण शतक पुरलं नाही.

शिकलेल्या परिचारिकेचं काम बघण्यासारखं असतं. कात्री आणि दोरा आधी उकळलेला. हात कोपरापर्यंत घासून धुतलेले. बाळ बाहेर आलं की तोंड-नाक साफ करायचं, पुसून कोरडं करायचं, आईच्या अंगाशी द्यायचं. नाळेतली धडधड बोटांना जाणवते. ती थांबली की दोन ठिकाणी घट्ट बांधायची आणि मधोमध कापायची. त्यावर राख नाही, शेण नाही, काही नाही. घाई कशाचीच नाही, फक्त हात स्वच्छ हवेत आणि नजर आईच्या चेहऱ्यावर हवी.

आता हे हात कुणाचे होते, ते लक्षात घ्या. डोहाळजेवणात जिने ओटी भरायची नाही, बारशाला जिने पाळण्याच्या दोरीला हात लावायचा नाही, जिचं सकाळी तोंड दिसलं तर प्रवास पुढे ढकलायचा, अशी विधवा. नव्या जिवाला या जगातला पहिला स्पर्श तिचा होऊ लागला. कमलाबाई स्वतः तशा होत्याच. शिवाय विधवांना, टाकलेल्या स्त्रियांना शिकवून त्यांनी या कामात आणलं. अपशकुनाविरुद्ध भाषण करून जे साधलं नसतं, ते इथे कळांनी साधलं. मध्यरात्री सुनेचा जीव टांगणीला लागलेला असताना समोरच्या परिचारिकेच्या कपाळावर कुंकू आहे का, हे कुठली सासू बघेल? बाळ रडलं की तीच सासू तिचे हात धरते. एकदा धरलेले हात पुढे बारशाला अपशकुनी ठरवणं अवघड जातं. मातृ सेवा संघाने बाळंतिणी वाचवल्या हे तर खरंच, पण सुटका तिथे खाटेवरच्या बाईइतकीच खाटेशेजारी उभ्या असलेल्या बाईचीही झाली. कमलाबाईंची थोरवी मला इथे दिसते.

चार खाटांचं काम वाढत गेलं. बर्डीसोबत महालातही प्रसूतिगृह उभं राहिलं, शाखा नागपूरबाहेर पसरल्या. जन्माच्या वेळी धरलेला हात नंतर सोडायचा नाही, असं संस्थेनं जणू ठरवूनच टाकलं होतं. मतिमंद मुलांसाठी नंदनवन ही शाळा निघाली, अपंग मुलांसाठी स्नेहांगण, म्हाताऱ्यांसाठी पंचवटी वृद्धाश्रम. १९५८मध्ये समाजकार्य शिकवणारं महाविद्यालय सुरू झालं. अखंड काम करणाऱ्या या बाईंना १९६१ साली पद्मश्री मिळाली. १९८१ साली त्या गेल्या.

शंभर वर्षं पुरी होण्याचं साल २०२१ निघालं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत धंतोलीतल्या दवाखान्यांबाहेर ॲम्ब्युलन्सच्या रांगा होत्या, नातेवाईक एका खाटेसाठी रात्रभर फोन फिरवत होते. ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर हे शब्द पोराटोरांच्या तोंडी बसले. त्या उन्हाळ्यातही शहरात बायका बाळंत होत होत्या, आणि कुठली तरी परिचारिका मास्कच्या आतून घामाने निथळत, हात कोपरापर्यंत धुऊन नाळ बांधत होती. हात धुवायला तेव्हा सगळं जगच नव्याने शिकत होतं. या परिचारिकांची ती शंभर वर्षांची रोजची सवय होती.

समाजकार्य महाविद्यालय बजाजनगरात आजही भरतं. परिचारिकांच्या हातून सुरू झालेली संस्था समाजसेवकांना शिकवते, ही गोष्ट तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना पहिल्याच तासाला सांगावी असं मला फार वाटतं. पुस्तकं नंतर उघडता येतील. आधी त्यांना बर्डीवर नेऊन प्रसूतिगृह दाखवावं.