गृहशोभा आणि पायांखालची फरशी

गेल्या वर्षीं आमच्या फ्लॅटच्या डागडुजीची गोष्ट निघाली, तेव्हां चिरंजीवांनीं एका तरुण गृहरचनाकारास घरीं बोलाविलें. गृहस्थ मोठे विनयशील. चपला बाहेर काढून, आम्हां उभयतांस नमस्कार करून ते सतरंजीवर बसले, आणि हातांतील पाटीएवढ्या यंत्रावर एकामागून एक चित्रें दाखवूं लागले. येत्या चार-पांच वर्षांत घराच्या सजावटीचा ओघ कोणीकडे वळणार, हें त्या चित्रांवरून आम्हांस समजावयाचें होतें. पहिल्याच चित्रांत दिवाणखान्याची जमीन पांढरीशुभ्र व आरशासारखी चकचकीत होती. ती पाहतांच आमच्या सौभाग्यवतीनें काठी हातीं घेतली आणि कांहीं न बोलतां ती आंत निघून गेली.

त्याचें कारण त्या गृहस्थांस ठाऊक नव्हतें. तीन वर्षांपूर्वीं अशाच जमिनीवर ती स्वयंपाकघराच्या दारांत घसरली होती. पाणी म्हणावें तर दोन-चार थेंब सांडलेले. पण खुब्याचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली, आणि जिनें उभ्या जन्मांत कोणाकडून पाण्याचा पेला मागून घेतला नव्हता, ती भिंतीला धरून चालूं लागली. हाड जुळलें, भीति मात्र गेली नाहीं. ती फरशी मींच निवडलेली होती. दुकानांतील दिव्यांखालीं ती सुंदर दिसली, याहून अधिक कांहीं मीं पाहिलें नव्हतें. म्हणून या खेपेस आधीं थोडें वाचावें, चार कारागिरांस विचारावें, आणि मगच होकार द्यावा असें मीं ठरविलें. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

रंगाचें आधीं सांगतों, कारण तें थोडक्यांत संपतें. अमेरिकेंतील पँटोन नांवाची कंपनी २००० सालापासून दरवर्षीं एक 'वर्षाचा रंग' जाहीर करीत आली आहे, आणि कापडवाल्यांपासून रंगवाल्यांपर्यंत अनेक जण तिकडे लक्ष ठेवून असतात. २०२५ सालचा रंग होता 'मोका मूस', म्हणजे दुधाळ तपकिरी. सूनबाईनें तो मला दाखविला, तेव्हां मला आजोळच्या सारवलेल्या भिंतीची आठवण झाली, आणि तसें मी बोलूनही गेलों. ती हंसली. एकंदरींत थंड करड्या रंगांचा अंमल ओसरून मातीचे, गेरूचे, सुक्या गवताचे रंग भिंतींवर येत आहेत, आणि ते डोळ्यांस निववितात यांत शंका नाहीं.

भिंतींची गोष्ट याहून मौजेची. आमच्या लहानपणीं चुन्याची सफेदी ही बेताच्या परिस्थितीची खूण समजली जाई. पैसा हातीं आला कीं माणूस प्रथम डिस्टेंपर लावी व पुढें तैलरंग. आतां तीच सफेदी, किंचित् रंग मिसळून व ब्रशाचे फटकारे मुद्दाम दिसूं देऊन, 'लाइमवॉश' या नांवानें श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत परत आली आहे. चुनखडी भट्टींत भाजली कीं तिच्यांतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विरवितांना उकळ्या फुटतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको. हाच विरलेला चुना भिंतीवर बसल्यावर हवेंतील तोच वायु पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू चुनखडीच बनतो. भाजलेला दगड पुन्हा दगड होतो. तैलरंगाचा पापुद्रा ओल कोंडून ठेवतो व पुढें फुगून सुटतो. चुना ओल बाहेर जाऊं देतो, आणि अल्कधर्मी असल्यामुळें त्यावर बुरशी सहसा धरत नाहीं. मुंबईच्या व कोंकणच्या पावसाळ्यांत हा गुण लहान नव्हे. मात्र पूर्वीं तैलरंग लावलेल्या भिंतीवर चुना धरत नाहीं. जुना रंग खरवडून काढावा लागतो. आणि काम करणाऱ्यानें डोळे जपावे, कारण ताजा चुना डोळ्यांत गेल्यास दृष्टीवर बेततें.

आतां फरशी. माझें वडिलोपार्जित घर शहाबादी फरशीचें होतें. कलबुर्गी जिल्ह्यांतील शहाबाद गांवावरून तिचें नांव पडलें. हाही चुनखडीचाच दगड, थराथरांनीं निघणारा. उन्हाळ्यांत पायांस गार, आणि पॉलिश न केलेली असेल तर ओली झाल्यावरही पाय धरून ठेवणारी. लिंबू-चिंचेचे डाग मात्र ती कधीं विसरत नाहीं. आमच्या आईनें लोणच्यासाठीं लिंबें चिरलेली जागा शेवटपर्यंत ओळखूं येई. पुढें इमारतींचे दिवस आले व संगमरवराच्या कपच्या सिमेंटांत बसवून घासलेली मोझॅइकची जमीन आली. तिचें मूळ इटलींतील व्हेनिस शहरांत आहे. उरल्यासुरल्या कपच्यांचा तेथील कारागिरांनीं केलेला हा उपयोग. त्याआधीं वेलबुट्टीच्या रंगीत सिमेंटी फरशा होत्याच. मुंबईच्या सिधवा कुटुंबानें १९२२ सालीं स्वदेशीच्या भरांत सुरू केलेला 'भारत फ्लोअरिंग्ज' हा कारखाना त्यांसाठींच प्रसिद्ध आहे. तमिळनाडूंत चेट्टिनाडकडे अत्तंगुडी गांवीं अशा फरशा अजून हातानें करतात: काचेवर रंगीत सिमेंटचा पातळ थर नक्षीनें ओतावयाचा, त्यावर वाळू-सिमेंट दाबावयाचें, आणि भट्टींत न भाजतां पाण्यांत ठेवून ती पक्की करावयाची. काचेचा गुळगुळीतपणा तिच्या अंगीं उतरतो. मोझॅइक काय, नक्षीच्या फरशा काय, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं लोक पहारीनें उखडून टाकीत होते. आज त्या दाम मोजून पुन्हा बसविल्या जात आहेत.

या सर्वांस हुसकून लावणारी ती व्हिट्रिफाइड टाइल. ती इतकी घट्ट भाजलेली असते कीं, आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी ती पीत नाहीं. म्हणून तिच्यावर डाग पडत नाहींत, आणि पॉलिश केलेल्या टाइलवर सांडलेलें पाणी थर धरून तसेंच राहतें. दोष टाइलच्या जातीचा नसून पॉलिशचा आहे, हें मला फार उशिरां कळलें. जर्मनींत यासाठीं एक परीक्षा ठरविली आहे. तेलानें माखलेल्या उतारावर बूट घातलेल्या माणसास चालवितात आणि तो घसरेपर्यंत उतार वाढवीत नेतात. त्या कोनावरून 'आर ९' पासून 'आर १३' पर्यंत श्रेणी देतात. 'आर ९' दहा अंशांच्या आंत घसरते, 'आर ११' एकोणीस ते सत्तावीस अंशांपर्यंत तग धरते. साबणाच्या पाण्यावर अनवाणी चालवून घेण्याची निराळी परीक्षा आहे व तिच्या श्रेणी 'ए', 'बी', 'सी' अशा आहेत. आपण घरांत अनवाणी वावरणारीं माणसें. तेव्हां न्हाणीघरासाठीं ही दुसरी परीक्षा आपणांस जवळची. मी तीन दुकानें फिरलों. दोन ठिकाणीं विक्रेत्यास या श्रेणीचें नांवही ठाऊक नव्हतें; तिसऱ्यानें माहितीपत्रक काढून बोट ठेवून दाखविलें.

माझा आग्रह अर्थात् शहाबादीचा होता. सूनबाईनें हिशेबानें तो खोडून काढला: दगडाची जाडी वाढणार, दारें खालून कापावीं लागणार, आणि सहाव्या मजल्यावर तें ओझें कशाला? तिचें म्हणणें बरोबर होतें. शेवटीं खोल्यांस चमक नसलेली 'आर १०' व न्हाणीघरास 'आर ११' ठरली. गृहरचनाकारांस मीं सगळी हकीकत सांगितली, तेव्हां ते ओशाळले, आणि त्यांनीं पुढचा नकाशा सौभाग्यवतीस विचारून केला.

लांकडाच्या बाबतींत मात्र मी हटलों नाहीं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत 'बृहत्संहिते'त शय्या व आसनें यांवर एक स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. असन, चंदन, देवदार, शाल, शाक, शिंशपा इत्यादि वृक्ष त्यांत प्रशस्त मानले आहेत. शाक म्हणजे आपला साग. वीज पडलेलें, हत्तीनें पाडलेलें, पक्ष्यांचीं घरटीं असलेलें झाड वर्ज्य सांगितलें आहे. शुभाशुभाचा भाग सोडला तरी लांकडाची इतकी चौकशी करणारी दृष्टि आजही उपयोगाची आहे. प्लायवूडच्या बाबतींत चौकशी करावयाची ती डिंकाची. साध्या वापराच्या प्लायवूडवर मानकाचा ३०३ हा अंक असतो, पाण्यास टिकणाऱ्या 'मरीन' जातीवर ७१०. बहुतेक डिंकांत फॉर्माल्डिहाइड असतें; नव्या कपाटाचा डोळे चुरचुरविणारा वास तो त्याचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधनसंस्थेनें २००४ सालीं हें द्रव्य मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणारें ठरविलें. 'ई ०' व 'ई १' या खुणा तें कमी प्रमाणांत सुटतें हें दाखवितात. त्या पाहून घ्याव्या, आणि काम झाल्यावर घर कांहीं दिवस उघडें ठेवावें.

वडिलांचीं तीन सागवानी कपाटें होतीं. नव्या आराखड्यांत त्यांस जागा नव्हती. दोन राहिलीं. तिसरें एका शाळेच्या ग्रंथालयास दिलें. तें जिन्यावरून उतरत असतां मी गच्चीवर जाऊन बसलों होतों.

बैठकीविषयीं एक सूचना. हल्लीं सोफे फार ठेंगणे व खोल निघाले आहेत. त्यांत बसलेला म्हातारा म्हणजे चिखलांत रुतलेला हत्ती. जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरांच्या आसपास उंची, दाबल्यावर फार न खचणारी गादी, आणि उठतांना रेटा देतां येईल असे घट्ट हात, एवढें पाहून घ्यावें. वेताच्या खुर्च्या पुन्हा येत आहेत, त्यांत हे तिन्ही गुण बहुधा मिळतात.

झोपाळाही परत येत आहे. वात्स्यायनानें नागरकाच्या निवासाचें जें वर्णन केलें आहे, त्यांत भिंतीवर खुंटीला अडकविलेली वीणा, चित्राचा फलक आणि बागेंत सावलीखालीं झोपाळा आहे. तेव्हां ही हौस आजकालची नव्हे. आमच्या पितळी कड्या वीस वर्षें माळ्यावर पडून होत्या. गृहरचनाकारांस छताखालीं खोटें छत करावयाचें होतें. पण झोपाळ्याचे हूक मूळ स्लॅबमध्यें किंवा तुळईंतच पक्के बसले पाहिजेत, खोट्या छताचा त्यांस कांहीं उपयोग नाहीं. तें छत आम्हीं दिवाणखान्यापुरतें रद्द केलें. खर्च वांचला तो निराळाच.

काम दिवाळीच्या आधीं आठ दिवस संपलें. पहिल्या सकाळीं मी झोपाळ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों. सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून दोन्ही हातांत चहाचे पेले घेऊन आली. काठी दाराशींच टेकून ठेवलेली. अर्ध्या वाटेंत एका पेल्यांतला चहा हिंदकळून खालीं सांडला. मी गडबडीनें उठूं लागलों.

"बसा हो," ती म्हणाली, "मी पुसून घेतें."