दवाखान्याच्या दारातून परत पाठवता येतं का?

२००१ च्या श्रावणातली गोष्ट आहे. वडगावच्या एका वाचनालयात कवितावाचन होतं. ते आटोपून मी ओळखीच्या एका दूधवाल्याच्या टेम्पोतून लोणावळ्याला घरी निघालो होतो. पाऊस मावळातला, म्हणजे समोरचं दोन हातांवरचं दिसेना. कामशेतच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल आडवी पडलेली दिसली आणि शेजारी चिखलात विशी-बाविशीचा एक मुलगा. कुठलंसं वाहन ठोकर देऊन निघून गेलं होतं. गुडघ्याखाली पाय मोडला होता, रक्त थांबत नव्हतं. "भाई, धरा त्याला," दूधवाला म्हणाला. आम्ही दोघांनी त्याला उचलून दुधाच्या कॅनमध्ये झोपवलं.

पहिलं जे नर्सिंग होम लागलं, तिथं टेम्पो थांबवला. डॉक्टर दारापर्यंत आले. टेम्पोत त्यांनी डोकावलंसुद्धा नाही. "पोलीस केस आहे ही. सरकारी दवाखान्यात न्या," एवढं बोलून आत गेले. आणि मी काय केलं? "बरं, डॉक्टरसाहेब. त्रास दिला, माफ करा," असं म्हणून मागे फिरलो!

पुढच्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरांनी काही न विचारता रक्त थांबवलं, पायाला फळी बांधली, सलाईन लावलं आणि रुग्णवाहिकेतून पुण्याला पाठवलं. मुलगा वाचला. पाय मात्र काढावा लागला. ती पाऊण तासाची वेळ वाया गेली नसती तर पाय राहिला असता का, हे मला कोणी सांगितलं नाही आणि विचारायचा धीर मलाही झाला नाही.

मी नुसता बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कायद्याशी माझा संबंध नाही. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. आलेल्या रोग्याला डॉक्टर 'नाही' म्हणू शकतात का? वकील मित्रांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. होय, एरवी डॉक्टर नाही म्हणू शकतात. डॉक्टरांच्या वर्तनासंबंधी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम आहेत आणि ते आजही लागू आहेत. त्यांच्या जागी २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. २००२ चे नियम म्हणतात की कोणावर उपचार करायचे हे ठरवण्याची डॉक्टरांना मोकळीक आहे. आजार आपल्या अनुभवाबाहेरचा असेल तर त्यांनी रोग्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवावं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हृदयाचा रोगी ठेवून घेऊ नये, यात रोग्याचंच भलं आहे. मात्र मन मानेल तसा नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

दुसरा भाग तातडीच्या रोग्याचा. इथं मोकळीक संपते. जीव धोक्यात असेल तर डॉक्टरांनी उपचार केलेच पाहिजेत.

यामागे एक खटला आहे. मोटारीनं ठोकरलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयात नेलं. पोलीस केस म्हणून त्याला तिथून सुमारे वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं आणि तो वाटेतच गेला. वर्तमानपत्रातली ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं सांगितलं की डॉक्टर सरकारी असोत वा खासगी, जीव वाचवणं हे त्यांचं पहिलं कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार नंतर. पुढे १९९४ च्या दुरुस्तीनं हीच गोष्ट मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये आली. अपघातातल्या जखमीवर कसल्याही कागदपत्रांची वाट न पाहता ताबडतोब उपचार करणं, हे डॉक्टरांवर बंधनकारक झालं.

म्हणजे मी त्या दारात माफी मागत होतो, तेव्हा निकालाला बारा वर्षं होऊन गेली होती. कायदा होता. मला ठाऊक नव्हता, एवढंच.

दुसरी सबब असते 'खाट शिल्लक नाही'. घाटातल्या आम्हा रेल्वेवाल्या गावांना पटेल असा हा खटला आहे. १९९२ च्या जुलैमध्ये बंगालमधले हकीम शेख हे शेतमजूर मथुरापूर स्टेशनात गाडीतून पडले. डोक्याला जबर मार लागला होता. कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यांना परत पाठवलं. शेवटी खासगी रुग्णालयात पदरचे सुमारे १७ हजार रुपये घालावे लागले. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांना २५ हजारांची भरपाई दिली आणि बजावलं की वेळेवर उपचार न देणं म्हणजे सरकारनं नागरिकाचा जगण्याचा हक्क मोडणं होय.

तिसरी सबब डिपॉझिटची. आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये योजना मंजूर केली आहे. तातडीच्या रोग्याला ताबडतोब दाखल करून घ्यायचं, प्रकृती स्थिरावेपर्यंत उपचार करायचे आणि त्यासाठी अनामत मागायची नाही, असं तीत स्पष्ट आहे. तरीही २०२५ च्या मार्चअखेर पुण्यात एका गर्भवतीचा मृत्यू झाला, आणि दीनानाथ मंगेशकर रुग्णालयानं दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला. रुग्णालयानं उपचार नाकारल्याचा आरोप मान्य केला नाही. पण यापुढे तातडीच्या रोग्याकडून अनामत घेणार नाही, असं एप्रिलमध्ये जाहीर केलं. जुळ्या मुलींना जन्म देऊन ती आई गेली. असं काही घडल्यावरच आपल्याला नियम आठवावेत, याचं वाईट वाटतं.

आणखी काही दारं कायद्यानं उघडी ठेवली आहेत. बलात्काराच्या आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांवर प्रत्येक रुग्णालयानं, सरकारी असो वा खासगी, विनामूल्य उपचार करायचे आहेत. टाळले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० नुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्हीबाधित आहे म्हणून कोणाला उपचार नाकारता येत नाहीत, असा २०१७ चा कायदा आहे. आणि डॉक्टर जी प्रतिज्ञा घेतात, तिच्यात धर्म, वंश, पक्ष, प्रतिष्ठा यांतलं काहीही माझ्या आणि रोग्याच्या मध्ये येऊ देणार नाही, असं वचन आहे. टेम्पोतल्या त्या मुलाचं नाव आम्ही दोघांनीही पुण्याला पोचेपर्यंत विचारलं नव्हतं.

एकदा रोगी हाती घेतला की मग जबाबदारी आणखी वाढते. पुण्यातल्याच जोशी विरुद्ध गोडबोले या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांची तीन कर्तव्यं सांगितली. रोगी घ्यायचा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कोणता उपचार करायचा हे काळजीपूर्वक ठरवणं आणि तो काळजीपूर्वक करणं. मध्येच सोडायचं झालं तर रोग्याला आणि घरच्यांना पुरेशी आगाऊ सूचना द्यावी लागते.

आता डॉक्टरांचीही बाजू ऐकू या. आमच्या मावळात रात्री एकटा डॉक्टर आणि एक नर्स, एवढ्यावर चालणारी नर्सिंग होम्स आहेत. तिथं मेंदूची शस्त्रक्रिया व्हावी, असं कायदाही म्हणत नाही. रक्त थांबवावं, श्वास चालू ठेवावा, काय केलं ते चिठ्ठीवर लिहून मोठ्या रुग्णालयाकडे धाडावं, इतकीच अपेक्षा आहे. 'पाठवणं' आणि 'हाकलणं' यांत हाच फरक. रोगी दगावला की डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणारेही आपणच असतो. त्यासाठी २०१० चा कायदा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. भ्यालेला डॉक्टर दार लवकर लावतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग दारात उभं राहून करायचं काय? आवाज चढवू नका. "रोगी तातडीचा आहे, आधी प्रथमोपचार करा," एवढं सांगा. तरीही नकार आला तर त्याचं कारण आणि वेळ लिहून मागा. पुष्कळदा एवढ्यानंच दार उघडतं. वाद घालत वेळ मात्र दवडू नका. १०८ ला फोन करून पुढे निघा. तक्रार नंतर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आणि रुग्णालय धर्मादाय असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे करता येते. जखमीला आणणाऱ्यानं पोलिसांना भ्यायचं कारण उरलेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला कायद्याचं संरक्षण दिलं आहे. रस्ते अपघातातल्या जखमीसाठी २०२५ पासून पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही आहे.

पावसाळा आला की घाटातला रस्ता निसरडा होतो. कधी कोणाला उचलून न्यायची वेळ आपल्यावर येईल, सांगता येत नाही. तेव्हा माझ्यासारखी माफी मागून परत फिरू नका. "डॉक्टरसाहेब, आधी रक्त थांबवा, कागद मी भरतो," एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा. मला ते तेव्हा येत नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)