गाडीचा गंज आणि मालकाची तक्रार

मोटारगाडी विकत घेताना आपण रंग पाहतो, आसने दाबून पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. पण गाडीखाली वाकून तिचा सांगाडा न्याहाळणारे गिऱ्हाईक विरळाच. वास्तविक साऱ्या गाडीचा भार त्या सांगाड्यावर असतो. त्यातच दोष असेल तर उत्तम इंजिनाचा आणि चकचकीत रंगाचा काय उपयोग? असा न दिसणारा दोष उजेडात आणायचा कोणी आणि कसा, या प्रश्नाचा आज आपण विचार करू. त्यासाठी अमेरिकेतील एक उदाहरण आम्ही निवडले आहे.

टोयोटा कंपनीचे टाकोमा आणि टुंड्रा हे तेथील मोठ्या खपाचे पिकअप ट्रक. अशा गाड्यांचा सांगाडा शिडीसारखा असतो. दोन बाजूंना दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, अशी त्याची रचना. या तुळया भरीव नसतात. पत्रा वाकवून आणि सांधून केलेल्या त्या पोकळ नळ्याच म्हणा ना! इंजिन, चाकांचे पाटे, ब्रेकच्या नळ्या, मागची स्टेपनी, सारे या शिडीच्याच आधाराने राहते.

आता अमेरिकेच्या उत्तर भागातील हिवाळा पाहा. रस्त्यावर बर्फ साचते आणि ते वितळावे म्हणून मीठ टाकतात. खारे पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी उष्णमानाला गोठते, म्हणून रस्ता मोकळा होतो. पण हेच खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने लोखंड गंजण्याची क्रिया जलद घडवते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतले कोरे लोखंड पुन्हा उघडे पडते. पोकळ तुळईत चिखल आणि खारट पाणी शिरले की ते लवकर वाळत नाही. मग बाहेरचा रंग शाबूत आणि आतला पत्रा कागदासारखा, अशी अवस्था येते. वाळवी लागलेले आढे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

टाकोमाच्या मालकांना हा अनुभव येऊ लागला. सांगाड्याला भोके पडलेल्या गाड्यांच्या तक्रारी वाढल्या. २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० या सालांच्या टाकोमा गाड्यांसाठी, गंजाने सांगाड्याला भोक पडल्यास, हमीची मुदत १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि फारच खराब झालेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किमतीने परत घेतल्या. २००९ साली टुंड्राची पाळी आली. मागचा आडवा दांडा गंजला तर स्टेपनी रस्त्यावर गळून पडण्याचा आणि मागच्या ब्रेकच्या नळ्या निकामी होण्याचा धोका होता. धावत्या गाडीतून चाक निसटले तर मागून येणाऱ्या निरपराध माणसाचे काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. त्या वर्षी थंड प्रदेशातील सुमारे १ लाख १० हजार टुंड्रा गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. पुढे २०१६ साली मालकांनी लावलेल्या दाव्यात तडजोड झाली. तिच्यात सुमारे १५ लाख गाड्या येत होत्या आणि तिचा खर्च ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. मात्र आपली चूक झाली असे कंपनीने मान्य केले नाही.

यातून काय शिकायचे? एका मालकाच्या गाडीचा सांगाडा गंजला, तर गॅरेजवाला म्हणतो, "तुम्हीच गाडी नीट ठेवली नाही." मालक चरफडतो आणि गप्प बसतो. पण त्याच बनावटीच्या गाड्यांना त्याच जागी भोके पडली असे शेकडो लोकांनी एकाच ठिकाणी लिहून कळवले, तर ते गाऱ्हाणे राहत नाही, तो पुरावा होतो. अमेरिकेत १९६६ साली वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि १९७० साली त्यासाठी स्वतंत्र सरकारी संस्था निघाली. कोणीही मालक तिच्याकडे तक्रार नोंदवू शकतो. तक्रारींत साम्य दिसले की संस्थेचे अभियंते तपास करतात आणि दोष धोक्याचा ठरला तर कारखानदाराला तो विनामूल्य दूर करावा लागतो.

आपल्या देशातही २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार दिला. ठरावीक प्रमाणात मालकांनी दोष कळवणे, हा त्याचा एक आधार कायद्यातच सांगितला आहे. २०२१ च्या नियमांनी १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाचीही तरतूद केली. परंतु हे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरते केले गेले. गंज मात्र सावकाश काम करणारा शत्रू आहे. टाकोमातील त्याचे काम कित्येकदा दहा वर्षांनी दिसले. आमच्या मते ही उणीव विचार करण्याजोगी आहे. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत हे खरे. पण कोकणातील खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला दया दाखवत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर गाडी वर उचलून मिस्त्रीकडून सांगाडा तपासून घ्यावा. हातोडीने हलके ठोकले असता निरोगी पोलाद खणखणते, पोखरलेले बद्द वाजते. दोष आढळला तर गाडीची बनावट, साल, चासी क्रमांक, किती किलोमीटर चालली, नेमके कोठे काय झाले, हे तारखेसह लिहावे, छायाचित्र जोडावे आणि कंपनीबरोबरच सरकारलाही कळवावे. आपली गाडी दुरुस्त झाली की प्रकरण संपले असे मानू नये. तीच गाडी घेतलेला दुसरा कोणी आज रात्री मुलाबाळांसह घाट उतरत असेल. आपण लिहिलेला कागद त्याच्याही उपयोगी पडणार आहे.