बिनतारी गेमपॅड आणि हातात मावणारा लिनक्स

हातात मावणारा लिनक्स संगणक म्हणजे पडदा, बॅटरी आणि प्रोसेसर एकाच लहान पेटीत सामावलेले आणि लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली चालवणारे यंत्र. या व्याख्येत अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचा फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आलेला स्टीम डेक जसा बसतो, तसाच रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू या साडेसहा सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद सर्किट बोर्डाला छोटा पडदा आणि बॅटरी जोडून एखाद्या विद्यार्थ्याने घरी तयार केलेला संचही बसतो. असे यंत्र टीव्हीला जोडले, किंवा एकाच वेळी दोघांना खेळायचे झाले, की अंगच्या बटणांवर भागत नाही आणि स्वतंत्र बिनतारी गेमपॅड लागतो. एक बटण दाबले की पॅड जोडला जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात त्या एका बटणामागे चार वेगवेगळे टप्पे असतात: रेडिओ संपर्क, परस्परांची ओळख, पॅडच्या भाषेचे वाचन आणि बटणांचा अर्थ लावणे. पॅड चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुधा यांपैकी नेमका एक टप्पा अडलेला असतो, आणि तो कोणता हे शोधता आले तर पॅड कचऱ्यात जाण्यापासून वाचतो.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात हे शोधता येण्याला विशेष महत्त्व आहे. १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण देणारी नाईलिट ही केंद्रीय संस्था यांच्यामुळे सर्किट बोर्ड हाताळणारी तरुण मंडळी येथे आहेत, आणि पैठण गेटजवळच्या मोबाइल बाजारात केबल, डोंगल, ओटीजी अशा सुट्या वस्तूही मिळतात. मात्र गेमपॅडच्या खोक्यावर विंडोज आणि अँड्रॉइड यांची नावे असतात, लिनक्सचे क्वचितच असते. त्यामुळे लिनक्सवर काही अडले तर दुकानदाराकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्राकडे उत्तर मिळण्याची शक्यता कमी असते. अशा वेळी उपयोगी पडतो तो लिनक्सचा खुलेपणा: जोडणीचा प्रत्येक टप्पा येथे नोंदींच्या रूपाने वाचता येतो आणि बहुतेक ठिकाणी बदलताही येतो.

भारताला अशा यंत्रांची ओळख नवी नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधक आणि एन्कोर ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून घडवलेला सिम्प्युटर हा हातात धरण्याचा लिनक्स संगणक २००१ मध्ये लोकांसमोर आला, आणि २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने त्याची अमिडा ही आवृत्ती विक्रीस आली. अमिडामध्ये यंत्र हलवले की ती हालचाल ओळखणारा संवेदक होता. म्हणजे बटणाऐवजी हाताच्या हालचालीने संगणकाला सूचना देण्याची कल्पना भारतीय यंत्रात स्मार्टफोनच्या युगाआधीच उतरली होती. सिम्प्युटर बाजारात टिकला नाही, हे खेदाचे आहे.

पहिला टप्पा रेडिओचा. बहुतेक बिनतारी पॅड ब्लूटूथ वापरतात आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. भारतात रेडिओ प्रक्षेपणासाठी परवाना लागतो. पण २८ जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला आणि प्रक्षेपकाची कमाल शक्ती एक वॉट ठरवून दिली. ब्लूटूथच्या ज्या वर्गाचा पल्ला साधारण दहा मीटर मानला जातो, त्याची शक्ती अडीच मिलिवॉट, म्हणजे त्या मर्यादेच्या चारशेव्या भागाइतकी असते. हाच पट्टा वाय-फाय वापरते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच कंपनसंख्येच्या आसपास चालतो. एवढ्या गर्दीत क्षीण संदेश टिकतो तो सतत जागा बदलण्यामुळे. पारंपरिक ब्लूटूथ हा पट्टा ७९ वाहिन्यांत विभागते, सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलते, आणि २००३ मधील १.२ या आवृत्तीपासून गजबजलेल्या वाहिन्या ओळखून त्या टाळतेही. तरीही लहान यंत्रांची एक अडचण उरते. रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यूमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपमध्ये असून त्यांचा अँटेनाही एकच आहे, आणि त्याचे वाय-फाय केवळ २.४ गिगाहर्ट्झवरच चालते. परिणामी मोठी फाइल उतरवून घेणे चालू असताना दोघांना आळीपाळीने अँटेना वापरावा लागतो आणि पडद्यावरचे पात्र बोटामागे रेंगाळू लागते. येथे पॅडला दोष देण्यात अर्थ नाही. डाउनलोड थांबवून पाहणे हा पहिला उपाय होय.

दुसरा टप्पा पेअरिंगचा, म्हणजे दोन उपकरणांनी एकमेकांची ओळख पटवून ती लक्षात ठेवण्याचा. या वेळी दोघांमध्ये एक गुप्त किल्ली ठरते, जिच्या आधारे पुढच्या वेळी ओळख पुन्हा विचारावी लागत नाही. लिनक्समध्ये हे काम ब्लूझी हा सॉफ्टवेअर-संच करतो. क्वालकॉम कंपनीत सुरू झालेला हा प्रकल्प २००१ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, समाविष्ट झाला. त्याच्याशी बोलण्यासाठी ब्लूटूथसीटीएल नावाचा आज्ञावलीचा कार्यक्रम असतो. त्यात पॅडचा शोध घेणे, पेअर करणे, विश्वासू म्हणून नोंदवणे आणि जोडणे अशा चार आज्ञा क्रमाने द्याव्या लागतात. यांतली तिसरी आज्ञा अनेक जण गाळतात आणि नंतर त्रासात पडतात. पेअर झालेला पॅड पुढच्या दिवशी स्वतः पुढाकार घेऊन संगणकाला हाक मारतो. तो विश्वासू म्हणून नोंदलेला नसेल, तर संगणक प्रत्येक वेळी परवानगी विचारतो, आणि कीबोर्ड नसलेल्या लहान यंत्रात त्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी नसते.

पॅडला शोधाच्या अवस्थेत आणण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी आहे. सोनीच्या ड्युअलशॉक ४ वर शेअर आणि पीएस ही बटणे दिवा भरभर लुकलुकेपर्यंत एकत्र दाबून धरावी लागतात. निन्टेन्डोच्या वी रिमोटवर १ आणि २ ही बटणे दाबतात, आणि पेअर करताना लागणारा त्याचा पिन म्हणजे त्याचाच ब्लूटूथ पत्ता, पण बाइट्स उलट्या क्रमाने लावलेला. एक्सबॉक्सच्या पॅडमध्ये ब्लूटूथ आले ते २०१६ मध्ये. त्याआधीच्या एक्सबॉक्स वनचा पॅड कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने बोलतो, त्यामुळे तो ब्लूटूथच्या यादीत कितीही वाट पाहिली तरी दिसत नाही. जुना पॅड स्वस्तात विकत घेताना ही बाब आधी तपासलेली बरी.

या सगळ्यांत सर्वाधिक उद्बोधक कथा प्लेस्टेशन ३ च्या ड्युअलशॉक ३ या पॅडची आहे. हा पॅड ब्लूटूथ वापरत असला तरी नेहमीच्या रीतीने पेअर होत नाही. ज्याच्याशी जोडायचे त्या यंत्राचा पत्ता यूएसबी केबलमधून त्याच्या स्मृतीत लिहावा लागतो. मग केबल काढून पीएस बटण दाबले की तो फक्त त्याच पत्त्याला हाक मारतो. पाय झिरोसारख्या यंत्रावर त्यासाठी यूएसबी उपकरण लावू देणारा ओटीजी अ‍ॅडॉप्टर आणि मिनी-यूएसबीची जुनी केबल हाताशी असावी लागते. ब्लूझीमध्ये या पॅडसाठी स्वतंत्र जोडभाग आहे आणि केबल लावताच तो पत्ता लिहिण्याचे काम स्वतः करतो. पण गुप्त किल्ली ठरण्याची पायरी या पॅडच्या व्यवहारात नसते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नेमकी हीच गोष्ट अडचणीची ठरली. मार्क न्यूलिन या सुरक्षा-संशोधकाने त्या महिन्यात दाखवून दिले, की रेडिओच्या पल्ल्यात असलेली परकी व्यक्ती स्वतःचे उपकरण कीबोर्ड असल्याचे भासवून, मालकाच्या संमतीवाचून लिनक्स संगणकाशी जोडली जाऊ शकते आणि त्यावर कळा दाबू शकते. यावरचा उपाय ब्लूझीमध्ये २०२० पासून उपलब्ध होता, परंतु तो मुळात बंद ठेवलेला होता. न्यूलिन यांच्या माहितीनंतर तो सर्वत्र चालू करण्यात आला: किल्ली ठरलेली नसेल अशा पारंपरिक ब्लूटूथ कीबोर्ड-पॅडना प्रवेश नाही. दरवाजा बंद झाला, आणि चोराबरोबर ड्युअलशॉक ३ हा जुना पाहुणाही बाहेर राहिला.

प्रणाली अद्ययावत केल्यावर चालू पॅड अचानक मुका झाला, तर कारण बहुधा येथे सापडते. ब्लूझीच्या इनपुट डॉट कॉन्फ या फाइलमध्ये हा नियम एका ओळीत लिहिलेला असतो आणि ती ओळ बदलून जुना पॅड पुन्हा चालवता येतो. तसे करावे का, हा निर्णय यंत्राच्या उपयोगावर ठरवावा. ज्या संचावर खेळांखेरीज काही नाही आणि जो घराबाहेर जात नाही, त्यावर सूट देणे समजण्यासारखे आहे. मात्र ज्यावर ईमेल, पासवर्ड किंवा महाविद्यालयाचे काम आहे आणि जो वसतिगृहात, जिथे भिंतीपलीकडे दहा अनोळखी उपकरणे आहेत, वापरला जातो, त्यावर ती ओळ बदलू नये आणि पॅड केबलने चालवावा. केबलमुळे खेळाचे काहीच बिघडत नाही.

एक्सबॉक्सच्या ब्लूटूथ पॅडची अडचण निराळ्या जातीची होती. हरवलेले संदेश पुन्हा पाठवण्याची ईआरटीएम नावाची एक सुधारित पद्धत ब्लूटूथमध्ये आहे. लिनक्स ती सुचवत असे, जुन्या पॅडला ती पेलत नसे, आणि पॅड जोडला जाऊन क्षणात सुटण्याचे चक्र सुरू होई. कर्नलमध्ये ही पद्धत बंद करण्याची सोय असल्याने लोकांनी तो मार्ग धरला. पुढे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या ब्लूटूथ पॅडसाठीही नवे फर्मवेअर, म्हणजे पॅडच्या आतच राहणारे सॉफ्टवेअर, देऊन त्यांना कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर आणले. ते घालण्यासाठी एखाद्या मित्राचा विंडोज संगणक एकदाच मागून घ्यावा लागतो.

ओळख पटल्यावर भाषेचा प्रश्न येतो. कीबोर्ड, माऊस आणि पॅड यांनी आपली स्थिती संगणकाला कशी कळवावी यासाठी एचआयडी हे समान प्रमाण आहे, परंतु कंपन्या त्यात आपापली भर घालतात. ती समजून घेणाऱ्या कर्नलमधील भागाला ड्रायव्हर म्हणतात. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स पॅडचा ड्रायव्हर सोनीनेच लिहून दिला आणि तो २०२१ मध्ये कर्नलच्या ५.१२ आवृत्तीत आला. निन्टेन्डो स्विचच्या पॅडचा ड्रायव्हर मात्र कंपनीबाहेरच्या उत्साही लोकांच्या श्रमातून तयार झाला आणि २०२२ च्या जानेवारीत ५.१६ मध्ये दाखल झाला. म्हणून यंत्रावरची लिनक्स आवृत्ती जुनी असेल, तर पॅड जोडला गेला तरी त्याची हालचाल ओळखणारे संवेदक किंवा कंपन देणारी मोटर बंद राहू शकते.

बाजारातील नकलांचा विषय येथे टाळता येत नाही. स्वस्त पॅड अनेकदा मूळ कंपनीच्या पॅडचे नाव आणि क्रमांक सांगतात, पण वागतात वेगळे. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये अशा काही नकलांसाठी खास अपवाद लिहिलेले आहेत. ब्लूटूथ नसलेल्या संचाला लावायच्या छोट्या यूएसबी डोंगलचीही तीच गत आहे. सीएसआर या ब्रिटिश कंपनीच्या चिपची इतकी अनुकरणे निघाली, की कर्नलला ती ओळखण्याचे शिकवावे लागले, आणि असे डोंगल लावल्यावर कर्नलच्या नोंदींमध्ये, बिनब्रँडची नक्कल आढळल्याने पर्यायी उपाय लागू केले आहेत, अशा आशयाची ओळ उमटते. विकणाऱ्याने न सांगितलेली गोष्ट संगणक सांगतो, ही ग्राहकाच्या बाजूने मोठी सोय आहे; नवे डोंगल घेतल्यावर त्या नोंदी एकदा वाचण्याची सवय लावून घ्यावी.

शेवटचा टप्पा अर्थाचा. एक्सबॉक्सच्या पॅडवर ए हे बटण खाली असते, निन्टेन्डोच्या पॅडवर ते उजवीकडे असते, आणि सोनीच्या पॅडवर अक्षरेच नसून फुली, गोल, चौकोन, त्रिकोण असतात. या गोंधळातून कर्नलने मोठा सुंदर मार्ग काढला आहे: बटणांना अक्षरांऐवजी दिशांची नावे दिली आहेत, म्हणजे खालचे दक्षिण, उजवीकडचे पूर्व, वरचे उत्तर आणि डावीकडचे पश्चिम. कर्नल प्रत्येक दाब ‘दक्षिण बटण खाली गेले’ अशा घटनेच्या रूपात नोंदवतो, आणि ईव्हीटेस्ट हा छोटा कार्यक्रम त्या घटना जशा घडतात तशा पडद्यावर दाखवतो. तेथे आकडे हलत असतील आणि खेळात मात्र काहीच घडत नसेल, तर रेडिओ, पेअरिंग आणि ड्रायव्हर या तिन्ही गोष्टी ठीक असून केवळ अर्थ लावण्यात चूक आहे, हे निश्चित होते.

तो अर्थ लावण्यासाठी अनेक खेळ एसडीएल या मुक्त सॉफ्टवेअर-संचाचा आधार घेतात. पॅडची जोडणी यूएसबीची की ब्लूटूथची, उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि आवृत्ती यांवरून एक लांबलचक ओळखसंख्या तयार होते, आणि त्या संख्येपुढे कोणते बटण म्हणजे काय हे एका ओळीत लिहिलेले असते. अशा ओळींची सार्वजनिक यादी जगभरच्या वापरणाऱ्यांनी मिळून वाढवली आहे. पैठण गेटला घेतलेला एखादा अनाम पॅड त्या यादीत नसेल, तर प्रत्येक बटण एकेकदा दाबून त्याची ओळ तयार करता येते, आणि ती यादीत पाठवली की तोच पॅड विकत घेणाऱ्या दुसऱ्या कोणाला ही सर्व खटपट करावी लागत नाही.