मोबाईलमधील एक बुजविलेलें छिद्र

नाशिकहून पुण्याच्या रस्त्यानें सुमारें तीस किलोमीटर आलें म्हणजे सिन्नर लागतें. यादवकालीन गोंदेश्वराचें देवालय, विड्यांचा जुना धंदा आणि माळेगांव-मुसळगांवच्या औद्योगिक वसाहती, अशा तीन परस्परांशीं फारसा संबंध नसलेल्या गोष्टींकरितां हें गांव ओळखलें जातें. विडी वळणाऱ्या बाईचे दोन्ही हात पान, तंबाखू आणि दोरा यांत गुंतलेले असतात. मोकळे असतात ते कानच. पाळीवर जाणाऱ्या कामगाराचा किंवा नाशिकला शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याचा बसमधील वेळ, तोहि बहुतांशीं कानांचाच. म्हणून मोबाईलला इयरफोन जोडण्याचें जें बारीकसें छिद्र असतें, ज्याला दुकानदार 'जॅक' आणि त्यांत शिरणाऱ्या दांडीला 'पिन' म्हणतात, तें असावें कीं नसावें हा वाद अशा गांवाला वरवर दिसतो तितका परका नाहीं.

हें छिद्र मोबाईलपेक्षां फार वडील आहे. अमेरिकेंत १८७८ सालीं टेलिफोन एक्स्चेंजें सुरू झालीं. एका घराची तार दुसऱ्या घराच्या तारेशीं क्षणांत जोडावयाची आणि बोलणें संपतांच सोडवावयाची, हें तेथील ऑपरेटरचें काम. त्यासाठीं समोरच्या फलकावर छिद्रांच्या रांगा आणि हातांत पिना लावलेल्या दोऱ्या, अशी सोय निघाली. चार्ल्स स्क्रिब्नर यानें त्याकरितां केलेली कळ घडीच्या चाकूसारखी मिटे व उघडे, आणि त्या चाकूच्या इंग्रजी नांवावरून 'जॅक' हा शब्द रूढ झाला असें सांगतात. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ सालीं एक्स्चेंजें निघालीं. ती जुनी पिन पाव इंच जाडीची होती. विद्युत्-गिटारला आणि ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांतील मोठ्या हेडफोनना तीच अजून चालते. ट्रॅन्झिस्टर रेडिओ खिशांत मावूं लागला तेव्हां पिनहि बारीक झाली. साडेतीन मिलिमीटरची ही धाकटी बहीण १९७९ सालीं सोनीच्या 'वॉकमन'बरोबर जगभर पसरली आणि पुढें मोबाईलमध्यें आली.

पिनीची रचना पाहिली तर तींत लपविण्यासारखें कांहींच नाहीं. धातूची एक दांडी आणि तिच्यावर बहुधा काळ्या रंगाचीं दोन किंवा तीन कडीं. तीं कडीं विजेला अडवितात, म्हणून दांडीचे तीन किंवा चार स्वतंत्र भाग पडतात. टोक डाव्या कानाचें, त्यामागील भाग उजव्या कानाचा, एक दोघांच्या परतीच्या वाटेचा, आणि चौथा असल्यास मायक्रोफोनचा. मोबाईलमध्यें गाणें आंकड्यांच्या रूपानें सांठविलेलें असतें. आंतील यंत्रणा त्या आंकड्यांचें चढउतार करणाऱ्या विद्युत्प्रवाहांत रूपांतर करते. तो प्रवाह पिनीवाटे तारेंत जातो, तारेंतून कानाजवळच्या इवल्याशा वेटोळ्यांत उतरतो, आणि लोहचुंबकाच्या सान्निध्यांत तें वेटोळें थरथरलें कीं त्याला चिकटलेला पडदा हवा हलवितो. इयरफोनमध्यें बॅटरी नाहीं, कोणाचा परवाना नाहीं, आणि कोणत्याहि कंपनीची वस्तु दुसऱ्या कोणत्याहि कंपनीच्या यंत्रांत शिरते. तार तुटली तर कारागीर पिनीजवळ कापून, डाग देऊन ती पुन्हां जोडतो. दोष नव्हते असें मात्र नाहीं. चार भागांच्या पिनींत मायक्रोफोन आणि परतीची वाट यांच्या जागा कांहीं कंपन्यांनीं एका क्रमानें धरल्या, कांहींनीं उलट धरल्या. त्यामुळें एका फोनचे इयरफोन दुसऱ्याला लावले कीं गवयाचा आवाज खोल विहिरींतून यावा तसा येई.

छिद्र काढण्याचा प्रयोग प्रथम चीनमधील ओप्पो कंपनीनें २०१२ सालीं पातळपणाच्या हौसेपायीं केला; २०१६ च्या पूर्वार्धांत मोटोरोलानेंहि आपल्या एका फोनांतून तें वगळलें. परंतु जगाचें लक्ष वेधलें गेलें तें ७ सप्टेंबर २०१६ रोजीं. त्या दिवशीं ॲपलनें छिद्र नसलेला 'आयफोन ७' पुढें मांडला आणि कंपनीचे एक प्रमुख अधिकारी फिल शिलर यांनीं या निर्णयामागील कारण एका शब्दांत सांगितलें: धैर्य. बातमी आधींच फुटली होती आणि दोन लाखांहून अधिक लोकांनीं विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. त्यांना हा शब्द झोंबला यांत नवल नाहीं. दुसऱ्याच्या इयरफोनच्या जिवावर दाखविलेल्या धैर्याला कोणत्याहि भाषेंत चांगलें नांव नाहीं.

तथापि कंपनीचीं कारणें अगदींच पोकळ नव्हतीं. मोबाईलच्या पोटांत जागेचें मोल फार. पिनीकरितां जी नळी ठेवावी लागते ती आंत बरीच खोल जाते, आणि तेवढी जागा मोठ्या बॅटरीला, कॅमेऱ्याला किंवा फोन थरथरविणाऱ्या यंत्राला मिळूं शकते. दुसरें कारण पाण्याचें सांगण्यांत आलें, कीं जितकीं छिद्रें कमी तितका फोन पाण्यापासून सुरक्षित. हें तत्त्वतः खरें. पण त्याच वर्षीं निघालेल्या सॅमसंगच्या 'गॅलॅक्सी एस ७' मध्यें जॅक असूनहि तो फोन पाण्यांत तग धरीत होता. तेव्हां छिद्र ठेवून पाणी अडवितां येतें. त्याला खर्च आणि खटपट मात्र अधिक लागते. तिसरें कारण, पुढील काळ तारेविना जोडणीचा आहे. तें भविष्य खरें ठरलें, परंतु भविष्य सांगणाऱ्यानेंच तें विकावयास आणलें होतें ही गोष्ट विसरतां येत नाहीं. कारण त्याच दिवशीं, त्याच व्यासपीठावरून, ॲपलनें 'एअरपॉड' नांवाचे बिनतारी इयरफोन १५९ डॉलर किंमतीस जाहीर केले. जुन्या इयरफोनकरितां एक जोडतुकडा फोनच्या डब्यांत मिळे. २०१८ पासून नव्या फोनांच्या डब्यांतून तोहि नाहींसा झाला.

प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं यावर यथेच्छ हंसून घेतलें. गूगलनें २०१६ सालीं आपल्या फोनला जॅक असल्याची टिमकी वाजविली आणि पुढच्याच वर्षीं तो काढला. सॅमसंगनें २०१७ सालीं ॲपलची थट्टा करणारी जाहिरात केली; २०१९ च्या ऑगस्टमध्यें तिचा 'नोट १०' छिद्राविना बाजारांत आला. हंसण्याचें आणि अनुकरण करण्याचें अंतर दोन वर्षांहूनहि कमी.

बिनतारी इयरफोनमध्यें ध्वनि प्रथम दाबून लहान केला जातो, मग ब्लूटूथच्या लहरींवरून कानाकडे धाडला जातो, आणि तेथें पुन्हां उलगडून ऐकविला जातो. या दाबण्या-उलगडण्यास वेळ लागतो. साध्या इयरफोनमध्यें तो सेकंदाच्या पांचव्या-सहाव्या भागाइतका असूं शकतो. बातम्या ऐकणाऱ्याला त्याची जाणीवहि होत नाहीं, आणि चित्रपट पाहतांना फोन चित्रच किंचित् थांबवून दोहोंचा मेळ घालतो. अडतें तें गाणाऱ्याचें. मोबाईलवरील तबल्याची साथ ब्लूटूथवरून कानांत घेऊन त्याच मोबाईलवर आपलें गाणें मुद्रित करावयाचें, तर ऐकूं येणारा ठेका मुळांतच मागें असतो आणि गाणारा त्याच्याबरोबर मागें राहतो. द्रुत तीनतालांत मिनिटाला तीनशें मात्रांची गति धरली तर एक मात्रा सेकंदाचा पांचवा भाग भरते. म्हणजे मुद्रणांत सम अख्खी एक मात्रा चुकूं शकते. तारेच्या इयरफोननें हा प्रश्न कधीं उत्पन्नच केला नव्हता.

याउलट स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या गृहिणीस किंवा रोज फिरावयास जाणाऱ्या गृहस्थास तारेच्या गुंत्यांतून सुटका मिळाली हा लाभ लहान नव्हे, आणि हजार रुपयांच्या आंत असे इयरफोन मिळूं लागल्यावर त्यांना श्रीमंतांची चैनहि म्हणतां येत नाहीं. परंतु त्या प्रत्येक कानांत लिथियमची एक चिमुकली बॅटरी असते. ती रोज भरावी लागते, भरतां-रितवितां दोन-चार वर्षांत झिजते, आणि बहुतेक इयरफोन असे चिकटविलेले असतात कीं ती बदलतां येत नाहीं. पिनीला डाग देणाऱ्या कारागिराच्या हातीं येथें कांहींच उरत नाहीं.

या वादांतील सर्वांत कमी बोलली गेलेली आणि रेडिओच्या श्रोत्यांशीं सर्वांत जवळची गोष्ट निराळीच आहे. मोबाईलवर एफ. एम. रेडिओ लावला कीं पडद्यावर सूचना येते, 'इयरफोन जोडा'. पुष्कळांना वाटतें कीं ही सूचना शेजाऱ्यांच्या शांततेकरितां असावी. वस्तुतः इयरफोनची तार हीच रेडिओची एरिअल असते. आकाशवाणीचें नाशिक केंद्र १०१.४ मेगाहर्ट्झवर ऐकूं येतें. त्या लहरीची लांबी तीन मीटरांस किंचित् कमी, आणि तिचा चौथा हिस्सा सुमारें ७४ सेंटिमीटर. एरिअलला साधारण एवढी लांबी मानवते, आणि गळ्यांतून लोंबणारी इयरफोनची तार जवळजवळ तितकीच, किंवा थोडी अधिक भरते. मोबाईलच्या चार बोटें रुंद पेटींत एवढी लांबी कोठून आणावी? म्हणून योजकांनीं श्रोत्याच्या तारेलाच कामास लावलें. हें मर्म शास्त्र न वाचतांहि लोकांनीं ओळखलें आहे. एक कान बंद पडलेला जुना इयरफोन फोनला टोंचून ठेवावयाचा आणि आवाज मात्र फोनच्या कर्ण्यावर ऐकावयाचा, ही युक्ति शेतांत, दुकानांत, विड्यांच्या सुपाजवळ सर्रास चालते. तेथें इयरफोन कानाकरितां नसतोच.

छिद्र गेलें कीं ही एरिअल जाते. पुष्कळ फोनांत एफ. एम. ऐकण्याची यंत्रणा आंतल्या चकतीवर असते. पण एरिअलखेरीज ती बहिरी. एफ. एम. च्या लहरी बव्हंशीं सरळ रेषेंत जातात, मध्यें टेकाड किंवा मोठी इमारत आली कीं क्षीण होतात, आणि प्रक्षेपकापासून जसजसें दूर जावें तसतशी चांगल्या एरिअलची गरज वाढते. नाशिक शहरांत जें तारेच्या तुकड्यावर भागतें तें सिन्नरच्या पलीकडील खेड्यांत भागेलच असें नाहीं. आकाशवाणी इंटरनेटवरूनहि ऐकतां येते हें खरें. परंतु त्याला डेटा लागतो आणि जवळचा मनोरा जागा लागतो. पूर आला, वीज गेली आणि मनोऱ्याखालची बॅटरी उतरली, कीं इंटरनेटहि गेलें. रेडिओचा प्रक्षेपक मात्र दूर राहून एकाच वेळीं लाखोंशीं बोलतो, आणि श्रोते वाढले म्हणून त्याच्यावर ओझें पडत नाहीं.

ही भीति काल्पनिक नाहीं. सप्टेंबर २०१७ मध्यें मारिया नांवाच्या चक्रीवादळानें प्वेर्तो रिको बेटावरील बहुतेक सर्व मोबाईल मनोरे बंद पडले, तेव्हां अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष अजित पै यांनीं ॲपलला फोनमधील एफ. एम. यंत्रणा चालू करण्याचें जाहीर आवाहन केलें. कंपनीचें उत्तर असें कीं, आयफोन ७ व ८ यांत ती यंत्रणाहि नाहीं आणि एरिअलहि नाहीं. भारतांत एप्रिल २०२३ मध्यें इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानें उत्पादकांना सूचनापत्र धाडलें, कीं फोनमध्यें एफ. एम. असेल तर तें बंद ठेवूं नये आणि नसेल तर घालावें. कारणांत आपत्तीच्या वेळची उपयुक्तता आणि खेड्यांतील श्रोते यांचा उल्लेख होता. पत्र योग्य होतें. पण तें रेडिओविषयीं बोललें तरी एरिअलचा प्रश्न त्यानें मिटला नाहीं, आणि सूचनापत्राला कायद्याचें बळ नसतें.

ज्यांना तारच हवी त्यांच्यासाठीं टाइप-सी छिद्रांत बसणारा जोडतुकडा मिळतो. यांतहि एक मेख आहे. कांहीं तुकडे नुसती तार पुढें नेतात आणि आंकड्यांचें प्रवाहांत रूपांतर फोननेंच करावें अशी अपेक्षा करतात. कांहींच्या पोटांत तें काम करणारी बारीक चकती असते. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. फोनला पहिली पद्धत मान्य नसेल तर तो तुकडा मुकाच राहतो, आणि ग्राहक समजतो कीं माल खोटा निघाला. शिवाय फोन भारावयाचें छिद्रहि तेंच. एकाच वेळीं ऐकावयाचें व भारावयाचें, तर आणखी एक दुतोंडी तुकडा आला.

सगळ्यांनीं पाठ फिरविली असें मात्र झालें नाहीं. सोनीनें काढलेला जॅक २०२० सालीं आपल्या महाग फोनांत पुन्हां घातला. वनप्लसनेंहि आपल्या स्वस्त मालिकेंत तो परत आणला. बटणांच्या साध्या फोनांत तर तो बहुधा असतोच. यांतून एक चमत्कारिक उलटापालट दिसते. जागा वांचविण्याची गरज, पाण्याची भीति, भविष्याची चाहूल, हीं सर्व कारणें महाग फोनांनाच लागू पडलीं आणि स्वस्त फोनांना तीं फारशीं जाणवलीं नाहींत. ज्या ग्राहकाला दीड हजारांचे दुसरे इयरफोन विकणें अवघड, त्याच्या फोनांत छिद्राला जागा सांपडली.

सणाच्या दिवसांत नवा फोन घ्यावयास दुकानीं जाणाऱ्यानें घरांतील तारेचा एक जुना इयरफोन खिशांत टाकून न्यावा. कॅमेरा आणि पडदा दुकानदार आपण होऊन दाखवितो. पिन शिरते कीं नाहीं, शिरल्यावर रेडिओचें ॲप फोनमध्यें आहे कीं नाहीं, आणि असल्यास १०१.४ वर आवाज स्वच्छ येतो कीं नुसती खरखर, हें मात्र पैसे देण्यापूर्वीं स्वतःच पाहावें लागतें. दुकानाच्या आंत नीट ऐकूं न आल्यास दारापर्यंत येऊन तार सरळ सोडून पाहावी.